शिंगराचा दुसरा भाग

आमच्या घरात गोष्ट सांगायला कुणाला वेळ नव्हता. ही तक्रार नव्हे. जसं होतं तसं सांगते. रहिमतपूरच्या अलीकडं आमचं गाव, गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धवस्ती, आणि वस्तीच्या टोकाला आमचं घर, अर्धं कौलांचं, अर्धं पत्र्याचं. हळदीच्या दिवसांत आबा हळद उकडायच्या काहिलीखाली जाळ घालायला जायचे आणि आई बायकांच्या टोळीत हळद मोडायला. रानातनं निघालेला गड्डा हातात घ्यायचा, त्याला चिकटलेली हळकुंडं एकेक करून मोडायची, गड्डा एका ढिगात, हळकुंडं दुसऱ्या. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत हेच. आई घरी यायची तेव्हा तिच्या अंगात भाकरी थापण्यापुरतंच बळ उरलेलं असायचं. हुलग्याचं माडगं आणि भाकरी पोटात गेली की ती चुलीपुढं बसल्या बसल्या पेंगायची. अशा बाईला 'आई, गोष्ट सांग' म्हणायची माझी टाप नव्हती.

दहावीची परीक्षा नेमकी याच दिवसांत यायची. शाळा सुटली की मीही टोळीत जाऊन बसायची. हळदीचा रंग मोठा चिवट. साबणानं जात नाही, राखेनं जात नाही, नखांच्या कडेला तर महिनाभर मुक्काम. गणिताच्या पेपरला माझ्या उत्तरपत्रिकेवर पिवळा अंगठा उमटला. वर्गावर आलेल्या बाई माझे हात बघून म्हणाल्या, "काय गं, लग्न ठरलं वाटतं?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी म्हटलं, "लग्न न्हाई बाई, पेपर ठरलाय."

तो पेपर मी काढला. त्याच्यापुढचेही काढले. साताऱ्याच्या कॉलेजातनं बी.ए. झाले. आमच्या घरातलं माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, हे मी तेव्हाही छाती पुढं काढून सांगायची, आजही सांगते. मग सांगलीला सरकारी कचेरीत नोकरी लागली. पहिल्या पगारातनं आबांना टेपरेकॉर्डर घेतला, भीमगीतं ऐकायला. आईला विचारलं, तुला काय आणू? ती म्हणाली, "मला काय करायचंय? तू ये म्हंजी झालं."

आता फेब्रुवारी उजाडला की सांगलीत हवा बदलते. थंडी मागं सरते, ऊन अजून अंगावर येत नाही, आणि बसच्या खिडकीतून कुठल्यातरी रानातल्या काहिलीची वाफ आत शिरते. उकडलेल्या हळदीचा तो वास ओला, मातीचा, थोडा कडू. बसमधल्या कुणाला तो नाकाशी रुमाल धरायला लावतो, कुणाला घरचं लग्न आठवतं. मला एक शिंगरू आठवतं. तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, एक कान कायम खाली पडलेला. रंगानं काढलेलं, खोटं शिंगरू. आणि मी भर बसमध्ये एकटीच हसते.

ते शिंगरू माझ्या आयुष्यात आलं ते इंग्रजीमुळं. बी.ए. झाले खरी, पण इंग्रजीची भीती काही गेली नव्हती. कचेरीत इंग्रजी पत्र आलं की मी हळूच दुसऱ्याच्या टेबलाकडं सरकवायची. नव्वदच्या त्या वर्षांत गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ऱ्या होत्या. स्टँडाजवळ मुल्लाभाईंचं दुकान, माणूस आडवा होऊनच आत जाईल एवढं. भिंतीला जमिनीपासून आढ्यापर्यंत कॅसेटी. मी जुना व्हीसीआर नि छोटा रंगीत टीव्ही घेतला होता, तोही त्यांच्याच ओळखीनं. मी गेले आणि म्हटलं, "मुल्लाभाई, इंग्रजी सुधारायचंय. चांगला पिक्चर द्या."

मुल्लाभाईंनी मला खालवर बघितलं आणि एक कॅसेट पुढं केली. वर कागद चिकटवलेला, 'कार्टून, लांब'.

"हे लहान पोरांचं आहे," मी म्हटलं. "मी ग्रॅज्युएट आहे."

"आवं ताई, म्हणूनच देतोय की. मोठ्या माणसांच्या पिक्चरमधी इंग्रजी कमी आन् मारामारी जास्त. ह्यात समदी सावकाश बोलत्यात. बघा तर. न्हाई आवडलं तर फिरवून आणा, मी काय खात न्हाई."

कॅसेट पिशवीत खाली दडवून खोलीवर आणली. मालकीणबाईंना आवाज जाऊ नये म्हणून खिडकी लावली. आणि मग जे झालं ते झालं. समुद्राला भिणारं एक कासव होतं. ते पाण्यात पाय बुडवायचं आणि किंचाळून मागं पळायचं. पहिल्या वेळी मी नुसती हसले. तिसऱ्या वेळी पोट धरून हसले. वय वर्षं सव्वीस, कचेरीत 'मॅडम' म्हणवून घेणारी बाई, एकटी जमिनीवर लोळत होती. लहानपणी मी हे काही बघितलंच नव्हतं. चित्रांचं पुस्तक नाही, बाहुली नाही, बालनाट्य नाही. लोक म्हणतात, वय गेलं की ती मजा गेली. साफ खोटं. मजा कुठं जात नसते. कुणी आणून दिली नाही तर ती थांबून राहते, एवढंच.

मग मी सुटलेच. दर शनिवारी मुल्लाभाई. छत्रीत संसार थाटणारी खार झाली. आळशी अस्वल झालं, त्याचा दुसरा भाग झाला, तिसऱ्यात त्या अस्वलाला पिल्लं झाली तेव्हा मला स्वतःच्या घरात पाळणा हलल्यासारखा आनंद झाला. मूळ कव्हरं मुल्लाभाईंकडं कधी नसायचीच, म्हणून नावं मीच ठेवायची आणि चिकटपट्टीवर मराठीत लिहायची: 'भित्रं कासव', 'खारीचा संसार', 'अस्वल भाग तीन'. लायब्रीवाले जुन्या कॅसेटी विकायला काढायचे, त्या मी उचलायची. पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरायची, तेव्हा एकेक कॅसेट उघडून मऊ फडक्यानं पुसत बसायची. हरिपूरला जमिनीखाली पेवं आहेत. आत हळद भरून तोंड लिंपून टाकतात, भाव येईतो ती आत सुरक्षित. माझी पत्र्याची ट्रंक म्हणजे माझं पेव होतं. एका पोरीचं अख्खं बालपण त्यात भरून ठेवत होते, उशिरा पिकलेलं.

कचेरीत बातमी फुटलीच. साळुंखे हेडक्लार्क रोज सकाळी विचारायचे, "काय मॅडम, काल कोण? ससा का कासव?"

"कासव, साहेब. तुमच्या फायलीपेक्षा पुढं गेलं."

यानंतर त्यांनी विचारणं थोडं कमी केलं.

सगळ्यांत भाग दोनचं मला भारी वेड. पहिला भाग संपताना पोटात जो खड्डा पडतो, 'मग पुढं?' म्हणणारा, तो भरायला कुणीतरी दूरदेशी कामाला लागलंय, या कल्पनेनंच बरं वाटायचं. पण अनुभवानं एक कळलं. दुसरा भाग पुष्कळदा घाईत उरकलेला असतो. रंग पातळ, आवाज बदललेले, खारीची शेपटी पहिल्या भागात झुबकेदार आणि दुसऱ्यात आमच्या कचेरीतल्या केरसुणीसारखी. तरी मी घ्यायचीच. आपल्या माणसाचं पुढं काय झालं हे कळायला नको?

आणि मग आई आली. दिवाळी सरल्यावर, हंगाम सुरू व्हायच्या आधी, मीच हट्ट करून तिला आठवडाभर सांगलीला आणली. जन्मात पहिल्यांदा ती कामावाचून कुठं राहायला आली होती. पहिले दोन दिवस तिनं माझी खोली इतकी घासली की फरशीला दुसरा रंग निघाला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिला हाताला धरून टीव्हीपुढं बसवलं आणि नवीच मिळालेली कॅसेट लावली. डोंगरातल्या एका गावातली घोडी आणि तिचं शिंगरू. व्यापारी आईला विकत घेऊन घाटापलीकडं नेतो. आईच्या गळ्यात एक घंटा असते, तिचा आवाज लांब लांब जात विरतो. मागं शिंगरू, एक जाडी हंसीण आणि एक पांढरं घुबड. तिघं मिळून शोधायला निघतात.

इंग्रजी कळायचा आईला प्रश्नच नव्हता. मी शेजारी बसून सांगत होते. "आता ती हंसीण म्हणते, मी जाडी नाही, माझी पिसं जाडी आहेत." आईनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं, रडते की काय. तर ती हसत होती. माझ्या आईला मी असं हसताना बघितलंच नव्हतं. तिला इतके दात आहेत हेही मला त्या दुपारी कळलं.

शेवटी बर्फ पडतं, शिंगरू थकून गुहेत बसतं, आणि डोंगराच्या पलीकडून घंटा वाजते. अगदी बारीक. शिंगराचा पडलेला कान हळूच उभा राहतो. पडद्यावर अक्षरं वर सरकायला लागली.

"मग?" आई म्हणाली.

"मग काय? संपला पिक्चर."

"असा कसा संपला? त्याची आई यायची हाय की अजून."

"दुसरा भाग असेल तर त्यात येईल."

"मग आन की दुसरा भाग. तुझ्याकडं येवढी पेटी भरल्याली हाय, आन् नेमका ह्योच न्हाई?"

मुल्लाभाईंना विचारलं. ते डोकं खाजवत म्हणाले, "आलाय म्हणत्यात. पर सांगलीत न्हाई. बघतो मी, कोल्हापूरला, मिरजंला सांगून ठेवतो." आई रोज संध्याकाळी मी दारात आले की आधी हातातली पिशवी बघायची. जाताना एसटीत बसल्यावरही खिडकीतनं म्हणाली, "त्या शिंगराचं तेवढं बघ बाई."

फेब्रुवारीत सुट्टी काढून गावी गेले. आई घरी नव्हती, म्हणून थेट रानात गेले. चिंचेच्या सावलीला हळदीचा डोंगर, भोवती गोल करून टोळीतल्या बायका. एरवी त्या गोलातनं लांबूनही कलकलाट ऐकू यायचा. त्या दिवशी हळकुंडं मोडल्याचे कटकट आवाज आणि एकटीचं बोलणं. मी झाडामागंच थबकले. बोलणारी माझी आई होती.

"... आन् आभाळातनं बरफ पडाय लागला. लग्नात सरबतात घालत्यात न्हवं का, त्योच. पर बारीक, चाळणीतनं चाळल्यावानी. शिंगराला वाट दिसंना. तवा घुबड म्हणलं, माझ्या मागनं ये..."

"घुबड?" मधूनच हौसाक्का गरजली. "घुबड कवा कुणाला चांगली वाट दावतंय गं?"

"त्येंच्यातलं घुबड गुणाचं असतंय, आक्का."

"असंल बया. त्येंच्यातलं समदंच उलटं."

हौसाक्का म्हणजे टोळीची म्होरकी. वरच्या आळीची मराठ्याची बाई, वयानं सगळ्यांत मोठी, जिभेला धार. तिनं हात वर केला की टोळी उठायची, तिनं पाणी मागितलं की सगळ्यांना तहान लागायची. माझी आई तिच्या टोळीत वीस-बावीस हंगाम बसली असेल, पण हूं-हांपलीकडं बोललेली नव्हती. आणि आता तीच बोलत होती नि हौसाक्का ऐकत होती.

मला बघून सगळ्यांनी एकदम गिल्ला केला. "आली बघा बीए बाई! विचारा हिलाच!"

कळलं ते असं. आईनं पहिला भाग टोळीला सांगून संपवला होता. घंटा वाजली, कान उभा राहिला, संपलं म्हटल्यावर बायका चवताळल्या. पुढचं सांग म्हणाल्या. तेव्हा आई प्रामाणिकपणे म्हणाली, पुढचं मी बघितलेलं न्हाई, पर आसं आसंल. आणि तिनं स्वतःच दुसरा भाग रचायला घेतला. रोज थोडा थोडा, हळदीच्या ढिगाबरोबर. मी झाडामागनं ऐकलं ते त्यातलंच. तो भाग आता शेवटाला आला होता आणि टोळीत उभी फूट पडली होती. आई म्हणत होती, शिंगराला आई भेटणार. हौसाक्का म्हणत होती, भेटायची नाही.

"आगं वारं सुटलं आसंल," हौसाक्का म्हणाली. "वाऱ्यानं कुठलीबी घंटा वाजती. माझी आई गेली तवा मी एवढीशी हुते. कवाड वाजलं की पळायची. येत नसती कुणी, शेवंते. उगा आशा लावू नगं."

आई खाली बघत हळकुंड मोडत राहिली. मग सावकाश म्हणाली, "आवं हौसाक्का, लेकराला आईच्या घंटीचं काय कळतंय? घंटी आईला कळती. ही नंदू रांगायची तवा मी हिच्या पायात घुंगरू बांधायची. माझी पाठ हिच्याकडं, हात हळदीत. पर घुंगरू वाजलं की म्हायती व्हायचं, पोरगी बांधाला गेली, पोरगी सावलीला आली. शिंगराच्या बी गळ्यात घंटी आसंलच की. आईनंच ऐकली आसंल ती. तीच येती हाय."

मी झाडाला टेकून उभी होते. हातातली पिशवी खाली ठेवायचं भान नव्हतं. मला वाटायचं, लहानपणी आईची माझ्याकडं कायम पाठ होती. पाठच आठवते मला तिची, घामानं भिजलेली. त्या पाठीला कान होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"बरं," हौसाक्का म्हणाली. तिचा आवाज जरा बसला होता, पण मोडायची ती बाई नव्हे. "पैज. नंदे, तू आन तुझा त्यो दुसरा भाग. आई भेटली तर पुरणपोळ्या माझ्याकडनं. न्हाई भेटली तर शेवंतीकडनं. समद्या टोळीला."

"मान्य," आई म्हणाली. इतक्या मोठ्यानं की स्वतःच दचकली.

आता हे सगळं माझ्या गळ्यात आलं. तुम्ही म्हणाल, एका कार्टूनचं काय एवढं? पण मला दिसत होतं. आई जिंकली तर तिचा आवाज त्या गोलात राहणार होता. हरली तर ती पुन्हा हूं-हां करत खाली मान घालून हळद मोडणार होती. आणि हौसाक्काही, मला वाटतं, हरायचीच वाट बघत होती.

शोधाशोध चालू झाली. मिरजेत नाही, कोल्हापुरात नाही. मुल्लाभाई माझ्यासाठी आलेल्या-गेलेल्या प्रत्येक एजंटाला विचारायचे, "त्यो घोड्याच्या पोराचा हाय काय?" शेवटी त्यांनाच कुठून तरी कळलं, वाईत एकजण लायब्री बंद करतोय, त्याच्याकडं कार्टूनचा गठ्ठा आहे. रविवारी पहाटेची एसटी धरून वाई गाठली. सांगलीची कृष्णा म्हणजे भरल्या घरची मोठी बाई. वाईच्या घाटावर ती परकरात खेळणारी पोर दिसते. पायऱ्यांवर जरा बसले, तोंडावर पाणी मारलं आणि पत्ता शोधत निघाले. दुकानदार पोत्यात कॅसेटी भरत होता. पोतं उपडं केलं. तळाशी कागद चिकटवलेली एक होती, त्यावर कुणीतरी शाईनं घोड्याचं डोकं काढलेलं. नि पुढं आकडा, दोन.

ती मी सांगलीला जाऊन लावून बघितली नाही, हे माझ्या स्वभावाला सोडूनच झालं. म्हटलं, पैज म्हणजे पैज. सगळ्यांबरोबरच बघायची.

हळद उकडून, वाळून, पोत्यांत गेली होती. टोळी मोकळी होती. मी टीव्ही आणि व्हीसीआर वाकळेत गुंडाळून एसटीनं गावी नेला. कंडक्टर म्हणाला, "बाळंतीण हाय व्हय आत?" म्हटलं, "व्हय, जपून चालवाय सांगा." आमच्या घरात जागा पुरली नसती, म्हणून वस्तीतल्या समाजमंदिरात मांडलं. खिडक्यांना हळदीची रिकामी पोती अडकवली, तशी आतल्या अंधारालाही पिवळा वास आला. दुपारी बायका जमायला लागल्या. हौसाक्का येईल का, हा प्रश्न आमच्या मनात होता, कुणी बोलत नव्हतं. रानात एका ढिगाभोवती बसणं निराळं. खालच्या आळीत येऊन बसणं निराळं. वरच्या आळीची बाई आमच्या समाजमंदिराची पायरी त्याआधी चढलेली नव्हती.

ती आली. पायरीशी थांबली. चपला काढल्या, कडेला नीट जोडून ठेवल्या, आणि आत येत म्हणाली, "सरका की गं. का हुबी राहून बघू?" आणि आईच्या शेजारी फतकल मारून बसली.

पिक्चर सुरू झाला. रंग पातळ होते. शिंगराचा कान, तो पडलेला कान, चक्क सरळ होता, जणू कधी पडलेलाच नव्हता. शिंगरू आता एका मोठ्या शहरात होतं, जत्रेत काम करत होतं, त्याला नवे दोस्त मिळाले होते, एक पोपट नि एक मांजर. सगळी नाचत होती. मी भाषांतर करत राहिले, पण माझं लक्ष घंटेकडं. घंटा वाजतच नव्हती. अर्धा पिक्चर झाला. बायकांची चुळबुळ सुरू झाली.

"हंसीण कुठं गेली गं?"

"आन् ते गुणाचं घुबड?"

"नंदे, आई कवा येणार हाय?"

कॅसेट शेवटाला आली. शिंगरानं जत्रेत शर्यत जिंकली, सगळे पुन्हा नाचले, अक्षरं वर सरकायला लागली. आई नाही. भेटली नाही, मेली नाही, तिचं नावसुद्धा नाही. करणारे तिला विसरूनच गेले होते.

मी आईकडं बघायचं टाळलं. न्यायानं पैज हौसाक्कानं जिंकली होती.

आणि हौसाक्का उठून उभी राहिली. चेहरा लालबुंद.

"ह्यांच्या मायला ह्यांच्या! ही पिक्चर करणारी माणसं कुणाच्या पोटची हायत का झाडाला लागल्याली? येवढा डोंगुर वलांडून गेलं लेकरू, आन् ह्यांनी आईला टाकली ती टाकलीच? वर नाचत्यात बघा, लाज न्हाई!" मग माझ्याकडं वळली. "बंद कर गं ते डबडं. ह्यो खोटा भाग हाय. कुणीतरी फसवलं तुला वाईत."

"न्हाई आक्का, खरा..."

"खोटा म्हणती न्हवं मी? मला कळतंय. शेवंते, तू सांग. तुझा कुठवर आला हुता? आईनं घंटी ऐकली. म्होरं?"

आईनं पदर सावरला. एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा हौसाक्काकडं. आणि सांगायला लागली. व्यापाऱ्यानं आईची घंटा काढून दुसऱ्याच तट्टाच्या गळ्यात घातली होती. म्हणून शिंगरू आवाजाच्या मागं गेलं ते भलत्याच तट्टापाशी पोचलं. ते तट्टू म्हणालं, बाळा, मी तुझी आई न्हवं, पर घंटी तिची हाय, थांब हितंच, हलू नगं. शिंगरू थांबलं. थंडीनं कुडकुडलं की त्याच्या गळ्यातली बारकी घंटी वाजायची. आणि घाटाखाली, पाठीवर ओझं घेऊन पाठमोरी चाललेली आई त्या बारक्या आवाजानं थबकली. तिनं मान वळवली.

"वळीवली?" हौसाक्कानं विचारलं.

"वळीवली की. आन् वज्झं टाकलं खाली."

"टाकलं?"

"टाकलं. व्यापारी वराडतोय, ही मागं बी बघंना. आली चढ चढून."

हौसाक्कानं डोळ्याला पदर लावला नाही. तसली ती नव्हेच. तिनं आईच्या मांडीवर खाडकन चापट मारली. "आसं! ह्येला म्हणायचं दुसरा भाग!" आणि सगळ्या बायका एकदम बोलायला, हसायला लागल्या, आणि मी, बी.ए., इंग्रजीचं भाषांतर करणारी, मागं भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबून हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही.

पैजेचं काय करायचं यावर मग तासभर भांडण झालं. हौसाक्का म्हणे मी हरले, आई म्हणे मी. शेवटी पुढच्या रविवारी दोघींनी पुरण घातलं. हौसाक्कानं दुरडी भरून आमच्या दारात आणली, आईनं आमची दुरडी पुढं केली, आणि टोळीनं दोन्हीकडच्या पोळ्या आमच्या अंगणात बसून खाल्ल्या. हौसाक्का आमची पोळी मोडत म्हणाली, "शेवंते, गोष्टीत तू वस्ताद. पर पुरणात साखर कमी घाल."

त्यानंतर प्रत्येक हंगामात त्या गोलात आई बोलायची. शिंगराचा तिसरा भाग झाला, चौथा झाला. घुबडाचं लग्न लागलं. बायका टोळीत जागा धरायच्या ती आईच्या शेजारची. हात चालायचे, गड्डे एकीकडं, हळकुंडं एकीकडं, आणि हळद कधी मोडून झाली ते कळायचं नाही.

माझ्या ट्रंकेचं आता काचेचं कपाट झालं आहे. कॅसेटींच्या जागी सीडीच्या चकत्या आल्या, मी त्याही जमवल्या. अस्वलाचे सगळे भाग आहेत, कासवाचे आहेत. वाईहून आणलेला तो नाचरा भागही आहे. त्याच्यावर मी चिकटपट्टी लावली आहे, 'हौसाक्काच्या मते खोटा'. आणि त्याच्याशेजारी गाण्याची एक साधी कॅसेट आहे, फिकट झालेली. त्या दुपारी आबा समाजमंदिरात मागच्या कोपऱ्यात बसले होते. हौसाक्का आईला 'तू सांग' म्हणाली तसा त्यांनी गुपचूप टेपरेकॉर्डर सुरू केला होता. भीमगीतांच्या एका बाजूवर त्यांनी आईला भरून घेतलं. मला ते पुष्कळ उशिरा सांगितलं, तेही सहज, "नंदू, तुझ्या पेटीत ऱ्हाऊ दे" म्हणून.

हळदीचे दिवस आले की मी ती एकदा लावते. आधी कुठल्याशा गाण्याची शेवटची ओळ, मग खरखर, मग हौसाक्काचं "म्होरं?", आणि मग आईचा आवाज. माझ्यासाठी गोष्ट सांगायला जिला कधी वेळ मिळाला नाही, ती बाई त्यात सावकाश, न थकता, रंगवून सांगते आहे.

मी बी.ए. झाले. नोकरी केली, सांगलीत स्वतःचं घर बांधलं. आणि शिंगराचा दुसरा भाग माझ्याकडं आहे. त्यात त्याला आई भेटते.